वीस वर्षांनंतरचे प्रवासी मोजताना

निरगुडसरच्या माणसाला विमान पकडायचे असेल तर रस्ता ठरलेला आहे. मंचरला यायचे, पुणे-नाशिक महामार्गाला लागायचे, राजगुरुनगर मागे टाकायचे, चाकणच्या कोंडीत देवाचे नाव घेत बसायचे आणि मग मोशी किंवा आळंदीच्या बाजूने लोहगाव गाठायचे. घरातून कधी निघायचे हे विमानाच्या वेळेपेक्षा चाकणचा चौकच जास्त ठरवतो. हा झाला प्रवाशाचा हिशेब. वीस-पंचवीस वर्षांपुढची विमान वाहतूक किती असेल याचा अंदाज बांधणारा मात्र याच गावाकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्याच्या नकाशावर निरगुडसरसमोर एक नाही, पाच विमानतळ असतात: लोहगाव, शिर्डीजवळचे काकडी, नाशिकचे ओझर, मुंबई आणि आता नवी मुंबई. आखातात नोकरीला निघालेला मुलगा मुंबई गाठतो, दिल्लीला कामासाठी जाणारा लोहगावला जातो. गावातले वर्षाचे दहा प्रवास असतील तर सात इथे, तीन तिथे, अशी त्यांची वाटणी होते. असे हजारो गावांचे आणि पेठांचे तुकडे जोडून एक आकडा तयार होतो. त्या आकड्यावर टर्मिनल किती मोठे, धावपट्ट्या किती आणि जमीन किती हे ठरते.

या भागाला हा विषय नवा नाही. पुण्याचा नवा विमानतळ ‘येणार, येणार’ हे आंबेगाव-जुन्नरकर वीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आले आहेत. आधी चाकणचे नाव होते. मग तो खेड तालुक्यातल्या तालुक्यात इकडून तिकडे सरकत राहिला. शेतकऱ्यांचा विरोध होता, आजूबाजूचा डोंगराळ मुलूख होता. शेवटी २०१६ मध्ये विमानतळ पुरंदर तालुक्यात नेण्याचे जाहीर झाले. खेडला झाला असता तर निरगुडसरहून तासाच्या आत पोचता आले असते. पुरंदरला जायचे तर आख्खे पुणे शहर ओलांडावे लागेल. जागा बदलली की अंदाजाच्या कोष्टकातला प्रवाशांचा वाटाही बदलतो. तरी जाहीर होणारा आकडा ‘पुण्याचे इतके कोटी प्रवासी’ असाच राहतो. माझा आक्षेप इथेच आहे. एकूण प्रवासी वाढणार की नाही यावर फारसा वाद नाही, ते वाढतीलच. दीर्घ पल्ल्याचे अंदाज चुकतात ते बहुतेक वेळा ‘कधी’ आणि ‘कुठे’ या दोन ठिकाणी. आणि जमीन देणाऱ्याच्या दृष्टीने नेमके हेच दोन प्रश्न महत्त्वाचे असतात.

अंदाज कसा बांधतात हे साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात राहणाऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. हंगामाआधी भीमाशंकर कारखान्याकडे उसाच्या नोंदी येतात. नोंदलेले क्षेत्र गुणिले हेक्टरी टन. त्यातून बेण्याला गेलेला ऊस वजा, गुऱ्हाळाला गेलेला वजा, शेजारच्या कारखान्याने जादा दर देऊन पळवलेला वजा. उरेल ते आपले गाळप. विमानतळाचेही असेच आहे. कार्यक्षेत्रातली लोकसंख्या गुणिले डोक्यामागे वर्षाचे विमानप्रवास, वजा दुसऱ्या विमानतळाने ओढून नेलेले, वजा रेल्वेने किंवा गाडीने गेलेले. फरक इतकाच की ऊस शिवारात उभा दिसतो आणि नोंदीला माणूस पाठवता येतो. वीस वर्षांनंतरचा बराचसा विमानप्रवासी आज अंगणवाडीत आहे.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे मागची वाढ बघायची आणि तीच पुढे ओढायची. लोहगावच्या प्रवाशांची वार्षिक संख्या २०२४-२५ मध्ये एक कोटीच्या पुढे गेली. हिशेबाला सोपे म्हणून एक कोटीच धरू. दरसाल ५ टक्के वाढ धरली तर वीस वर्षांनी २ कोटी ६५ लाख होतात. ८ टक्के धरली तर ४ कोटी ६६ लाख. १० टक्के धरली तर ६ कोटी ७३ लाख. ५ आणि ८ मध्ये अंतर तीनच टक्क्यांचे. पण चक्रवाढीमुळे निकालात फरक पडतो दोन कोटींचा, म्हणजे आजच्या दोन लोहगावांचा. अहवालात हा दर एखाद्या परिशिष्टात, बारीक अक्षरात असतो. वर्तमानपत्रात येतो तो शेवटचा आकडा.

बरे, मागची वाढ म्हणजे नेमकी कोणती? लोहगावचेच बघा. २०१३-१४ मध्ये तिथे ३६ लाखांच्या आसपास प्रवासी होते, २०१८-१९ मध्ये ९० लाखांवर गेले. पाच वर्षांत दरसाल सुमारे २० टक्के! आता पुढची पाच वर्षे घ्या. २०२३-२४ मध्ये प्रवासी होते सुमारे ९५ लाख. म्हणजे २०१८-१९ पासून दरसाल जेमतेम एक टक्का. विमानतळ तोच, शहर तेच, आकडे सरकारी आणि खरे. एकाला पेन्सिल दिली तर रेघ आभाळात जाते, दुसऱ्याची जमिनीला समांतर जाते. मधल्या काळात काय झाले ते आपल्याला माहीत आहे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमाने थांबली. २०२० च्या मार्चअखेरीपासून दोन महिने देशातली प्रवासी उड्डाणेच बंद होती. त्यानंतर धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी लोहगाव वर्षभर रात्री बंद ठेवावे लागले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तर १६ ते २९ तारखेपर्यंत पूर्ण बंद राहिले. कोष्टकात मात्र हे सगळे ‘वाढ एक टक्का’ एवढ्या तीन शब्दांत मावते.

म्हणून जाणकार नुसती रेघ ओढत नाहीत, कारणे शोधतात. पहिले कारण उत्पन्न. लोकांचे उत्पन्न एक टक्का वाढले तर विमानप्रवास किती टक्के वाढतो, याला अर्थशास्त्रात उत्पन्नाची लवचिकता म्हणतात. आपल्यासारख्या देशांत ती एकाहून बरीच जास्त निघते, दीड-दोनच्या आसपासही जाते. जिथे बहुतेकांनी विमान आधीच पाहिलेले आहे अशा श्रीमंत देशांत ती एककडे घसरते. कोविडच्या आधीच्या वर्षाचे, २०१९ चे, देशांतर्गत प्रवास बघितले तर अमेरिकेत डोक्यामागे ते दोनाहून अधिक होते, चीनमध्ये ०.४ च्या आसपास, भारतात ०.१. विमाने विकणाऱ्या बोइंग आणि एअरबस या कंपन्या दरवर्षी वीस वर्षांचे भाकीत छापतात. त्यात भारताचे नाव ठळक असते ते या ०.१ मुळेच. भारत चीनच्या वाटेने गेला तर चौपट प्रवासी होणार. पण ‘तर’ हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी फार हलका असतो. शिवाय सरासरीत एक गोम आहे. २०१९ मधले देशातले १४ कोटी प्रवास म्हणजे १४ कोटी माणसे नाहीत. हिंजवडीतला एखादा अधिकारी वर्षात वीस-पंचवीस वेळा उडतो आणि निरगुडसरची वीस-पंचवीस घरे एकदाही उडत नाहीत. पहिल्याच्या फेऱ्या दुप्पट होणे आणि दुसऱ्यांनी पहिल्यांदा विमानात बसणे या दोन अगदी वेगळ्या वाढी आहेत, आणि त्यांना लागणारे तिकीटदरही वेगळे आहेत.

दुसरे कारण तिकीटदर. इथे जुने सूत्र अचानक मोडूही शकते. २००३ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची सेवा सुरू केली. मग इतरही त्या वाटेने आले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत देशातले प्रवासी अडीचपटींहून अधिक झाले. तोवरच्या वीस वर्षांचे आकडे घेऊन बसलेल्या कोणत्याही सूत्रात हे येणे शक्य नव्हते, कारण त्या वीस वर्षांत स्वस्त विमान कंपनी हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. आपल्याकडे तिकिटाची किंमत इंधनाशी घट्ट बांधलेली आहे. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के धरतात. त्यावरचा मूल्यवर्धित कर राज्ये लावतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. वीस वर्षांच्या अंदाजात अशा निर्णयांची भर धरायची कशी? बहुतेक जण धरतच नाहीत.

आता एका अंदाजाकडे जरा जवळून बघू. जून २०१६ मध्ये राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण जाहीर झाले. त्यात लिहिले होते की मध्यमवर्गातल्या प्रत्येक भारतीयाने वर्षातून एकदाच विमानप्रवास केला तरी ३५ कोटी तिकिटे विकली जातील. २०१४-१५ मध्ये ७ कोटी विकली गेली होती. त्या धोरणाचे लक्ष्य होते: देशांतर्गत तिकिटे २०२२ पर्यंत ३० कोटी आणि २०२७ पर्यंत ५० कोटी. वाक्य वाचताना छान वाटते. गणित केले की कळते की २०१५ या कॅलेंडर वर्षातल्या ८ कोटींवरून सात वर्षांत ३० कोटींवर जायचे म्हणजे दरसाल जवळजवळ २१ टक्के, सलग सात वर्षे. प्रत्यक्षात २०२२ मध्ये १२ कोटी ३२ लाख प्रवासी झाले.

कोविडने घात केला, असे यावर लगेच सांगितले जाते. घात केला हे खरेच. २०१९ चे १४ कोटी ४० लाख २०२० मध्ये ६ कोटी ३० लाखांवर आले. पण कोविडच्या आधीच बघा. २१ टक्क्यांच्या चालीने २०१९ मध्ये १७ कोटी व्हायला हवे होते, झाले १४ कोटी ४० लाख. आणि त्या २०१९ सालात वाढ होती अवघी पावणेचार टक्के, कारण जेट बंद पडल्याने सव्वाशेच्या आसपास विमाने बाजारातून एकदम गेली. म्हणजे गाडी विषाणू येण्याआधीच मागे पडली होती. २०२४ मध्ये प्रवासी १६ कोटी १३ लाख झाले. तिथून तीन वर्षांत ५० कोटी होणे नाही. माझ्या मते ३५ कोटी हा अंदाज नव्हताच. ती इच्छा होती, आणि तिला गुणाकाराचा पोशाख चढवला होता. सरकारने इच्छा बाळगायला हरकत नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात तर विमानतळांची क्षमता पाचपटीहून अधिक वाढवून वर्षाला शंभर कोटी फेऱ्यांपर्यंत नेण्याची घोषणा होती. पण लक्ष्य आणि अंदाज एकाच रकान्यात लिहिले की पुढचा अहवाल लक्ष्यालाच पाया धरतो आणि त्यावर नवा मजला चढतो.

या आकड्यांत आणखी एक फसगत आहे, आणि ती मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही होताना पाहतो. विमान कंपन्यांच्या हिशेबात पुण्याहून दिल्लीला गेलेला माणूस एक प्रवासी असतो. विमानतळांच्या हिशेबात तो दोनदा मोजला जातो, पुण्याला चढताना एकदा आणि दिल्लीला उतरताना एकदा. म्हणूनच २०२३ मध्ये देशांतर्गत प्रवासी १५ कोटी, आणि २०२३-२४ मध्ये देशातल्या विमानतळांवरचे एकूण प्रवासी साडेसदतीस कोटी, हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतात. दुसऱ्यात आंतरराष्ट्रीय प्रवासीही आहेत. एका भाषणात पहिला आकडा आणि दुसऱ्या भाषणात दुसरा वापरला की ऐकणाऱ्याला वाटते, प्रवासी दोन वर्षांत दुप्पट झाले.

प्रवाशांचा आकडा बरोबर आला तरी काम संपत नाही. धावपट्टीला माणसे कळत नाहीत, विमाने कळतात. लोहगावचे एक कोटी प्रवासी १८० आसनांच्या विमानांतून, ८५ टक्के आसने भरून गेले-आले असे धरा. विमानामागे १५३ माणसे. म्हणजे वर्षाला सुमारे ६५ हजार उड्डाणे आणि उतरणी, दिवसाला १७९. आता कंपन्यांनी २३२ आसनांची मोठी विमाने आणली तर तेच एक कोटी प्रवासी दिवसाला १३९ फेऱ्यांत मावतात. चाळीस फेऱ्यांची जागा रिकामी, एक इंचही धावपट्टी न वाढवता. मुंबईत हेच झाले आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापरता येते ती एकच. तरी डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून अधिक विमाने तिथे हाताळली गेली आणि २०१८-१९ या वर्षात पावणेपाच कोटींहून अधिक प्रवासी गेले-आले. मुंबई आता भरली, यापुढे जागा नाही, हे वाक्य तेव्हाही जुने झाले होते.

टर्मिनलचा हिशेब तर तासावर चालतो. वर्षाला एक कोटी म्हणजे दिवसाला सत्तावीस हजार. पण ते चोवीस तासांत सारखे येत नाहीत. पहाटे पाच ते आठ झुंबड, दुपारी जरा श्वास, संध्याकाळी पुन्हा रांगा. दिवाळीच्या सुट्टीतल्या सगळ्यात गर्दीच्या तासासाठी बांधकाम केले तर वर्षभर अर्धी इमारत ओस पडेल. सरासरी तासासाठी केले तर रोज सकाळी दारात हाणामारी. ब्रिटनमधली जुनी रीत अशी की वर्षातले सगळे तास गर्दीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे आणि तिसाव्या तासाला प्रमाण मानायचे. त्यावरचे एकोणतीस तास लोकांनी सोसायचे. लोहगावचे नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. त्याने इमारतीतली गर्दी हलकी झाली. पण लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे, १९३९ पासूनचे. तिथली धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, लढाऊ विमानांच्या सरावाच्या वेळा राखीव, आणि शहर भिंतीला येऊन भिडलेले. त्यामुळे लोहगावचा आकडा पुणेकरांना किती उडायचे आहे ते सांगत नाही. लोहगावात किती मावतात ते सांगतो. उरलेले रात्री दोन वाजता टॅक्सीने मुंबईला निघतात आणि मुंबईच्या खात्यावर मोजले जातात. अडवलेल्या मागणीचा असा मागोवा घेणे हे अंदाजातले सगळ्यात अवघड काम. ती वाजवीपेक्षा जास्त धरण्याचा मोहही तिथेच होतो, कारण न दिसणारी गोष्ट कितीही मोठी सांगता येते.

लहान गावांचे गणित उलट असते. तिथे विमानतळ असतो, मागणी नसते. केंद्र सरकारच्या उडान योजनेत कमी तिकिटाच्या मोबदल्यात विमान कंपनीला तीन वर्षे तूट भरून दिली जाते. तेवढ्या काळात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील हा त्यामागचा अंदाज. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात याचा ताळेबंद मांडला. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली, आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदानाशिवाय टिकलेले होते ५४. आपल्या सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये गाजावाजात सुरू झाला, आणि तीन वर्षे झाल्यावर मुंबईची ती अनुदानित सेवा थांबली. शिर्डी मात्र २०१७ पासून चालते आहे, कारण तिथे येणारा भाविक विमानतळाच्या आधीपासूनच येत होता.

मागणीवरच डोळा ठेवणारे अंदाज आणखी एका बाजूने फसतात. प्रवासी तयार असतो, खिशात पैसे असतात, पण विमान नसते. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये बंद पडली. तिने बोट दाखवले ते न मिळालेल्या इंजिनांकडे. त्याच मालिकेच्या इंजिनांतील दोषामुळे इंडिगोचीही डझनावारी विमाने जमिनीवर राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिक तयार व्हायला वर्षे लागतात, आणि विमानांची मागणी नोंदवण्याइतके ते सोपे नाही.

रस्ते आणि रेल्वेचाही धक्का असतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर त्या दोन शहरांमधल्या विमानसेवेत दम उरला नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे मंचर-नारायणगावमार्गे आखली होती. ती झाली असती तर ओझर आणि लोहगाव दोन्हींच्या प्रवाशांची वाटणी बदलली असती. पण जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिला रेल्वेच्या विद्युतचुंबकीय लहरींचा त्रास होईल म्हणून तो मार्ग बाजूला पडला. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या आकाशगंगांचे कुजबुजणे ऐकण्यासाठी आपल्या तालुक्यातली रेल्वे वळली! विमानतळाच्या अंदाजात असे काही कोण लिहिणार.

आकडा कुणासाठी बनवला आहे, हेही बघावे लागते. मोठ्या प्रकल्पांच्या अंदाजांवर संशोधन करणारे डॅनिश अभ्यासक बेंट फ्लुव्हब्यार्ग यांना रेल्वे प्रकल्पांच्या तपासणीत असे आढळले की दहापैकी नऊ ठिकाणी प्रवाशांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होता, आणि सरासरी फुगवटा दुपटीच्या वर होता. विमानतळांत मात्र गंमत आहे. जमीन आणि मंजुरी मागताना प्रवासी जितके जास्त दाखवता येतील तितके बरे. पण विमानतळ उभा राहिला की त्याचे शुल्क २००९ मध्ये स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते, पाच वर्षांसाठी. ठरलेला महसूल भागिले अपेक्षित प्रवासी, म्हणजे माणशी शुल्क. इथे प्रवासी कमी दाखवले तर माणशी शुल्क जास्त पडते. तेव्हा तोच प्रकल्प सुरू होण्याआधी आशावादी असतो आणि सुरू झाल्यावर सावध होतो. नियामकाकडे यावर इलाज आहे: पाच वर्षांनी प्रत्यक्ष प्रवासी मोजतात आणि जादा वसूल झालेले पुढच्या मुदतीत वळते करतात. जमीन घेताना चुकलेला अंदाज असा सहज वळता करता येत नाही.

चुकलेल्या अंदाजाचे जगातले सगळ्यात मोठे स्मारक कॅनडात माँट्रियलजवळ होते. तिथे १९६९ मध्ये मिराबेल विमानतळ जाहीर झाला. त्यासाठी सुमारे ९७ हजार एकर जमीन घेतली गेली, बहुतांश कसती शेती, पिढ्यान्‌पिढ्यांची. शहरातल्या जुन्या दोरव्हाल विमानतळाला विस्ताराला जागा नाही, प्रवासी दरवर्षी भरधाव वाढत आहेत, एकविसाव्या शतकात चार कोटींच्या घरात जातील, असा हिशेब होता. विमानतळ ऑक्टोबर १९७५ मध्ये उघडला. त्याआधीच १९७३ च्या तेलसंकटाने दर वाढले होते. युरोपहून येणारी विमाने पूर्वी इंधनासाठी माँट्रियलला थांबत. नवी विमाने थेट टोरांटोला जाऊ लागली. व्यापारउदीमही टोरांटोकडे सरकला. पण खरी चूक घरातलीच होती. आंतरराष्ट्रीय विमाने मिराबेलला आणि देशांतर्गत जुन्या विमानतळावर, अशी वाटणी केली, आणि दोघांना जोडणारी वेगवान रेल्वे काही झाली नाही. एका विमानातून उतरून दुसरे पकडायला पन्नासेक किलोमीटर कोण जाईल? लोक टोरांटोहून गेले. मिराबेलला वर्षात तीस लाखांच्या वर प्रवासी कधीच झाले नाहीत. १९८५ मध्ये सरकारने सुमारे ८० हजार एकर परत करायचे ठरवले. २००४ मध्ये शेवटचे प्रवासी विमान गेले आणि २०१४ पासून टर्मिनल पाडायला घेतले.

लंडनने याच सुमारास हात आखडता घेतला होता. तिसऱ्या विमानतळासाठी रॉस्किल आयोगाने १९७१ मध्ये एक जागा सुचवली, सरकारने दुसरीच, समुद्रकाठची मॅपलिन, निवडली आणि तेलसंकटानंतर १९७४ मध्ये ती योजनाही गुंडाळली. लंडनचे प्रवासी पुढे वाढलेच, अंदाजापेक्षा उशिरा. ते मोठ्या विमानांतून, असलेल्या धावपट्ट्यांवर मावत गेले.

पुरंदरच्या बाबतीत मिराबेलचा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो: लोहगावची नागरी उड्डाणे चालू राहणार की नाही? राहणार असतील तर सोयीच्या वेळा आणि शहरातला प्रवासी तिकडेच राहील. थांबणार असतील तर चाकण, मंचर, नारायणगावचा माणूस पुणे ओलांडायच्या ऐवजी दुसरीकडे बघेल. दुसरीकडे आता आहेही. नवी मुंबई विमानतळाची कल्पना १९९७ ची. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबरपासून उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी, पूर्ण झाल्यावर नऊ कोटी प्रवाशांची त्याची क्षमता आहे. पुण्याहून परदेशी जाणाऱ्याला तो जुन्या मुंबईपेक्षा जवळचा. २०१६ च्या सुमाराला पुण्याचा अंदाज बांधणाऱ्याने नवी मुंबई कोणत्या वर्षी धरली होती, यावर पुरंदरचे निम्मे आंतरराष्ट्रीय गणित अवलंबून आहे.

टर्मिनल टप्प्याटप्प्याने बांधता येते. प्रवासी ठरलेल्या पातळीला आले की पुढचा टप्पा, ही आता जगभरची रीत आहे, आणि नवी मुंबईतही तीच आहे. जमीन मात्र एकदमच लागते, कारण विमानतळ जाहीर होताच भोवती भाव चढतात आणि दहा वर्षांनी विस्तार करायला रान उरत नाही. पुरंदरमधल्या पारगाव मेमाणे, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, उदाचीवाडी या सात गावांसाठी हा वाद कागदावरचा नाही. मे २०२५ मध्ये ड्रोन मोजणीच्या वेळी तिथे पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले. आधीच्या आराखड्यात अडीच हजार हेक्टरांहून अधिक जमीन होती, २०२५ मध्ये ती सुमारे तेराशे हेक्टरांवर आली. मुंबईचा विमानतळ साडेसातशे हेक्टरांच्या आसपास जागेवर वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी हाताळतो. लंडनच्या गॅटविकने २०१९ मध्ये एका धावपट्टीवर साडेचार कोटींहून अधिक हाताळले, पावणेसातशे हेक्टरांत. उरलेली जमीन मालवाहतूक, गोदामे, हॉटेले आणि दुसऱ्या धावपट्टीच्या नावावर असते. त्या प्रत्येकासाठी वेगळा अंदाज असतो, आणि तो प्रवाशांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कच्चा असतो. ग्रामसभेत विचारायचे झाले तर प्रवासी किती कोटी हे विचारू नये. वाढीचा दर किती धरला, कोणत्या वर्षापासून धरला, लोहगाव आणि नवी मुंबईला किती सोडले, आणि एका धावपट्टीपुरती जमीन किती, एवढेच विचारावे.